ट्रेसरबाईंचा कोपरा

ट्रेसरबाई एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवत आल्या. पूल गिरवले, पाण्याच्या टाक्या गिरवल्या, शाळांचे जिने गिरवले. एका तुरुंगाची भिंतसुद्धा गिरवली. स्वतःची म्हणून एक रेघ काढली नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या.

"ज्यानं काढलं त्याची अक्कल. माझा नुसता हात."

ट्रेसर म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन जाड कागदावर पेन्सिलीने नकाशा काढायचा. त्यावर खळ दिलेलं, आरपार दिसणारं तलम कापड ताणून लावायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईत वर उतरवायची. त्या कापडावरून मग हव्या तितक्या प्रती निघायच्या. खालची रेघ चुकलेली दिसली तरी चुकलेलीच उतरवायची. मोठे ड्राफ्ट्समन पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाले होते, "डोकं घरी ठेवून येत जा. हात तेवढे आणा." बाईंनी ते इमानेइतबारे पाळलं.

निवृत्तीला दहा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

घरासमोर सार्वजनिक बाग होती. बागेच्या एका टोकाला चाळीस फूट लांब, चाळीस फूट रुंद असा कोपरा ओस पडला होता. मोडका झोपाळा, गंजलेली घसरगुंडी, एक जुनं झाड. एका बाजूला रस्त्याची भिंत, दुसऱ्या बाजूला शाळेची. तिथे दुचाक्या लावायला जागा करायचं घाटत होतं. आजूबाजूच्या घरांनी हरकत घेतली. उद्यान खात्यातली मॅडम आली. वयाने लहान, बोलायला रोखठोक.

"मग तुम्हीच सांगा, काय हवंय?"

"भाजी लावू," कुणीतरी म्हणालं. "ज्याचा त्याचा वाफा."

"उत्तम. पण मला दोन गोष्टी लागतील. एक नकाशा, एक पाणी. नवीन जोडणी मिळणार नाही, आत्ताच सांगते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा वाजता येईन. दोन्हीतलं एक नसलं तरी मंगळवारी फरशी पडेल."

मॅडम गेली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. तेवढ्यात मास्तर उभे राहिले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. कुठेही चार माणसं जमली की त्यांना फळा आठवायचा.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, आपल्यात ड्राफ्ट्समन बसलीय की."

"ड्राफ्ट्समन नाही. ट्रेसर."

"एकच ते."

"एकच नाही," बाई म्हणाल्या. पण हळू. कुणाला ऐकू गेलं नाही.

"नकाशा होईल, पण पाण्याचं काय?" हे प्लंबरने विचारलं. त्याला सगळे पाना म्हणत. हातात पाना नसला की त्याला हात कुठे ठेवावेत ते कळायचं नाही.

"पाणी आहे," बाई म्हणाल्या. आता आवाज मोठा होता. "त्या कोपऱ्यातून जुनी लाइन जाते. मी स्वतः शाईत उतरवलीय."

"कधी?"

"चाळीस वर्षं झाली."

"मग ती लाइन एव्हाना तुमच्यासारखी रिटायर झाली असेल, बाई."

"मी रिटायर झाले. बंद नाही पडले."

हशा पिकला. पान्याने कान पकडले. मग मास्तर खात्यात जाऊन चौकशी करून आले. जुने नकाशे तळघरात ठेवले होते. तळघरात पाणी शिरलं आणि त्यांचा लगदा झाला. आता जे काय ते संगणकावर. संगणकावर बाग होती, बाकं होती, दिव्याचे खांब होते. पाइप नव्हता.

म्हणजे सगळा डोलारा बाईंच्या शब्दावर उभा राहिला.

घरी दोघीच. बाई आणि त्यांची नणंद. नवरा गेल्यावर घरातली माणसं कमी झाली, भांडणं नाही. नणंद बाईंना वहिनी म्हणे, बाई तिला वन्सं म्हणत. वन्संनी जन्मभर शिवणकाम केलं. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायच्या, "मापात बसला नाही कुणी."

बाईंनी जेवणाचं टेबल रिकामं केलं. टी-स्क्वेअर, गुण्या, शाईचं पेन, सगळं पेटीतून निघालं. हात तोच होता. हवेत थरथरायचा, कागदाला टेकला की थांबायचा. पण कोरा कागद समोर आला आणि बाई बसून राहिल्या. खाली काहीच नव्हतं. खाली काही नसताना रेघ कुठून सुरू करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी त्यांना एका दवाखान्याच्या बागेचा नकाशा आठवला. कधीकाळी त्यांनीच गिरवलेला. मधोमध गोल, गोलातून चार वाटा, चार वाटांमध्ये चार चौकोन. डोळे मिटून त्यांनी तो समोर आणला आणि कागदावर उतरवला. चौकोनांचे वाफे केले. पाइपवरून वाट नेली, कारण पाइपवर वाफा चालणार नाही, दुरुस्तीला मोकळा हवा, असं मॅडमने बजावलं होतं. शाळेच्या भिंतीलगत वेलांचा मांडव दाखवला. झालं.

लोकांनी नकाशा हातोहात फिरवला. "वा!" मास्तर म्हणाले. "काय सममिती आहे!"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाइपचा मात्र पुरावा होता त्यांच्याकडे. कपाटात, साड्यांच्या खाली, रुमालाएवढा कापडाचा तुकडा.

त्या तुकड्यामागे एक अख्खा हॉल होता. लांब, शांत, थेट ऊन येणार नाही अशा उंच खिडक्यांचा. उतरती आठ टेबलं, आठ बायका. सकाळी आल्या आल्या कापडावर खडूची पूड चोळायची, म्हणजे शाई धरते. मग बाह्या वर. लांब रेघ ओढताना श्वास धरायचा. एखादीने शिंकलं तर बाकीच्या सातजणी आधी तिच्याकडे बघायच्या आणि मग तिच्या रेघेकडे. डाग पडला तर ब्लेडने खरवडायचा, नखाने घासून तिथलं कापड गुळगुळीत करायचं आणि मोठ्या ड्राफ्ट्समनची पाठ वळेपर्यंत कोपर त्यावर टेकवून बसायचं. शेजारच्या खोलीत प्रती निघायच्या. तिथला अमोनियाचा वास केसांत बसायचा. बाईंचा नवरा संध्याकाळी दार उघडताना नाक दाबून म्हणायचा, "आली, कचेरी आली." तो वास पुढे कुठे भेटला नाही. यंत्रं बदलली. भेटला असता तर बाई तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या असत्या.

आठजणींच्या रेघा आठ. परक्याला सगळ्या सारख्या, त्यांना वेगळ्या. एकीची रेघ सुरुवातीला जाड, कारण ती स्वभावाने घाईची. एकीची शेवटी बारीक, कारण तिचं लक्ष घड्याळाकडे. "तुझी रेघ कशी आहे?" नवऱ्याने एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "माझी दिसतच नाही. म्हणून तर मला ठेवलंय."

त्या हॉलची एक रीत होती. इमारती, भिंती, रस्ते कापडाच्या पुढच्या बाजूला, काळ्या शाईत. पाण्याच्या लाइनी मागच्या बाजूला, निळ्या शाईत. कारण पाण्याच्या लाइनी सतत बदलायच्या. मागून ओल्या बोळ्याने पुसल्या की पुढच्या काळ्या कामाला धक्का नाही. कापड आरपार, त्यामुळे पुढून बघितलं तरी निळं दिसायचंच, जरा फिकं. हॉलमध्ये बायका म्हणायच्या, पाणी पाठून.

घरासमोरच्या या बागेचा नकाशा बाईंनी नऊ दिवस गिरवला. दहाव्या दिवशी वरून निरोप आला, तळं नको, कारंजं हवं. पाइप होते तिथेच राहिले, पण सगळं कापड रद्द झालं. रद्द कापड फेकायचं नसे. खळ धुतली की आत झुळझुळीत सुती कापड निघायचं. आठजणींनी आठ तुकडे केले. घरी उकळत्या पाण्यात टाकले, वन्संनी कडा दुमडून रुमाल शिवले. बाईंनी आपला तुकडा धुतला नाही. का, ते त्यांना सांगता यायचं नाही. तो आठवडा चांगला गेला होता, एवढंच.

त्या तुकड्यावर नेमका तो कोपरा होता. दोन भिंतींचा काटकोन आणि भिंतीला समांतर जाणारी एक निळी रेघ. अक्षर एकही नव्हतं.

सोमवारी मॅडम येणार. शनिवारी सकाळी खणायचं ठरलं. वीस-बावीस माणसं जमली. कुणी कुदळ आणली, कुणी फावडं, कुणी नुसता सल्ला. बाई तुकडा आणि पट्टी घेऊन उभ्या राहिल्या.

"एक इंच, एक सूत. इंचाला आठ फूट, सुताला एक. म्हणजे नऊ फूट. रस्त्याच्या भिंतीपासून नऊ फूट. खोली अडीच."

पान्याने टेप धरली, खूण केली. भिंतीच्या मध्यावर आडवा चर घेतला. सात फुटांपासून अकरा फुटांपर्यंत, म्हणजे पाइप कुठेही असला तरी सापडणारच. अडीच फूट झाले. दगड निघाले. काचेच्या गोट्या निघाल्या. घसरगुंडीचा सिमेंटचा पाया निघाला, तो फोडण्यात दुपार गेली. तीन फूट झाले. पाइप नाही.

"दहा फूट डावीकडे घेऊ," मास्तर म्हणाले.

दुसरा चर. तोही कोरडा. तिसरा. गल्लीतल्या बेकरीवाल्याच्या हातांना फोड आले. वन्सं सरबताचं भांडं घेऊन आल्या आणि चरात डोकावून न बोलता परत गेल्या. त्या न बोलता गेल्या म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, हे पान्यालासुद्धा कळलं.

"बाई, आणखी खाली गेलो तर दुसऱ्या देशात निघू."

कुणी हसलं नाही. कुदळी भिंतीला टेकल्या. लोक हात झटकत घरी निघाले. बाईंना कुणी काही बोललं नाही. जाताना बेकरीवाला तेवढा समजुतीने म्हणाला, "चाळीस वर्षं झाली. माणूस विसरतोच की."

चुकलात म्हटलं असतं तर चाललं असतं. विसरलात म्हटलं, ते लागलं.

घरी येऊन बाई खिडकीशी बसल्या. दिवे लागायचे होते. समोर टेबलावर तुकडा. त्या भिंती बघत होत्या, निळी रेघ बघत होत्या. रेघ स्वच्छ होती. आपल्याच हाताची. ती खोटं बोलणं शक्य नव्हतं.

वन्संनी चहाचा कप ठेवला. ठेवता ठेवता थबकल्या.

"वहिनी, हे उलटं का ठेवलंय?"

"काय उलटं?"

"कापड. चकाकतं ते वर आलंय. ती उलटी बाजू."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"घ्या! मला काय ठाऊक! तुमच्या त्या आठ भवान्यांचे रुमाल कुणी शिवले? साठ-सत्तर तरी असतील. तुम्हीच तर धुवायच्या आधी दाखवायचात. म्हणायचात, चकाकतं ते आत दुमडा."

बाईंनी निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला रेघ लागली. शाईचा बारीक उंचवटा. मग काळ्या रेघेवरून फिरवलं. गुळगुळीत. काळी पलीकडच्या बाजूला होती.

पाणी पाठून.

त्यांना सगळं एकदम दिसलं. डोळे आता अधू झालेले. पुढून बघितलं की निळं फिकं दिसायचं. म्हणून कपाटातून तुकडा काढल्या दिवशी त्यांनी तो सरळ पालथा घातला होता. निळं उठून दिसलं, बरं वाटलं, आणि तसाच राहिला. कापडावर एक जरी अक्षर असतं तरी ते उलटं दिसून ओरडलं असतं. अक्षर नव्हतं. भिंतींचा काटकोन होता, आणि काटकोनाला डावं-उजवं नसतं. फिरवला की कसाही बसतो.

त्यांनी कापड सुलटं केलं. रस्त्याची भिंत शाळेच्या जागी गेली. निळी रेघ शाळेच्या भिंतीशेजारी जाऊन बसली. नऊ फुटांवर.

"एकतीस वर्षं," बाई म्हणाल्या. "नवशिकी पोरगीसुद्धा हे करत नाही, वन्सं."

"असू दे. उद्या म्हणा, जरा तिकडे पण खणून बघू. पाइप निघाला की संपलं. कोण विचारतंय मग?"

बाईंनी चहा घेतला. गार झाला होता. हे सहज जमण्यासारखं होतं. हॉलमध्ये त्यांनी शेकडो डाग खरवडले होते. पण खरवडलेली जागा एरवी दिसत नाही, कापड उजेडाला धरलं की दिसते. त्यांना ते माहीत होतं. मोठ्या ड्राफ्ट्समननाही माहीत असायचं. ते न बोलता कापड खिडकीकडे धरायचे, आणि मग हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यायची.

रविवारी सकाळी दहाबाराच माणसं आली. बाई चराच्या कडेला उभ्या राहिल्या.

"पाइप विसरले नव्हते मी. नकाशा उलटा धरला होता. पाइप त्या भिंतीकडे आहे. काल सगळ्यांना फुकट राबवलं. चूक माझी."

मास्तरांचा चष्मा नाकावर घसरला. "एवढी जुनी ट्रेसर, आणि नकाशा उलटा?"

"हो."

"पण बाई, हे म्हणजे..."

"हो म्हणाले ना, मास्तर. गुण कापा आणि पुढे चला."

पाना आधी हसला. मग बेकरीवाला हसला, पट्ट्या बांधलेल्या हातांनी पोट धरून. "म्हणजे विसरलात नाही तर!" तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं.

शाळेच्या भिंतीपासून नऊ फूट. पहिल्याच चरात, अडीच फुटांवर कुदळ टणकन वाजली. पान्याने सगळ्यांना मागे सारलं आणि पालथा पडून हाताने माती काढली. तासाभरात त्याने जोड मोकळा केला, तोटी बसवली, फिरवली. आधी फुस्स झालं. मग गंजाचं लाल पाणी. मग पांढरं.

"बंद नव्हती पडली," चरातून आवाज आला. "कुणी उठवलं नव्हतं, एवढंच."

लोक टाळ्या वाजवत होते. बाई मात्र झाडाकडे बघत होत्या. पाइप बरोबर झाडाच्या बुंध्याखालून जात होता. पाइप घातला तेव्हा ते हातभर रोप असेल. आणि पाइप इकडे आला म्हणजे कागदावरचा नकाशा गेला. वाटेच्या जागी वाफे, वाफ्यांच्या जागी वाट.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "अख्खा नकाशा उलटा करा. आरशात बघितल्यासारखा. तासाचं काम."

खरंच तासाचं काम होतं. कागद पालथा घालायचा आणि गिरवायचं. बाईंचा हात त्याच वेळी तयार झाला. पण त्या कोपऱ्यात उभ्या होत्या, टेबलाशी नव्हत्या. ऊन रस्त्याच्या बाजूने येत होतं. नकाशा उलटा केला तर वेलांचा मांडव रस्त्याच्या भिंतीला येणार, आणि त्याची सावली दिवसभर सगळ्या वाफ्यांवर. गोलाच्या मधोमध झाड येत नव्हतं, जरा बाजूला येत होतं. मुळं चौकोनात घुसत होती. कागद उलटा होतो. ऊन होत नाही.

"नाही चालणार," बाई म्हणाल्या.

"मग काय करायचं? उद्या दहाला मॅडम येणार."

"मला वाटतं..." त्या थांबल्या. "तो नकाशा माझा नव्हताच. एका दवाखान्याच्या बागेचा होता. मी आठवून गिरवला."

पाना चरातून वर आला. "म्हणजे आम्ही दवाखान्यात भाजी लावत होतो?"

"हो."

"तरीच! मला सारखं वाटायचं, इथे काहीतरी दुखतंय."

आता बाई स्वतःच हसल्या. हसून झाल्यावर त्यांना कळलं की सगळे त्यांच्याकडे बघताहेत. कोऱ्या कागदासमोर बसल्यावर जसं वाटलं होतं, तसंच वाटलं. खाली काही नाही. मग त्यांनी खाली बघितलं. खाली जमीन होती. मुळं होती, पाइप होता, सावली होती, गवत मरून पडलेली एक आडवी पायवाट होती. गिरवण्यासारखं बरंच होतं, फक्त कुणी काढून दिलं नव्हतं.

"वन्सं, ते स्टूल आणा आणि इथे बसा."

"मी कशाला?"

"तुमचे गुडघे हवेत मला. बसा. आता हात पुढे करा. माती खुरपताय असं समजा. कुठवर पोचतो?"

"इथवर. पुढे कंबर ओरडते."

"दोन फूट. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून चार. वाफा चार फुटांपेक्षा रुंद नको. पाना, दोन बादल्या भरून घे आणि इकडून तिकडे चाल. सांडू नको."

पाना चालला. बाई त्याच्या मागून फक्कीचा डबा घेऊन चालल्या. मैदानावर आखतात ती पांढरी भुकटी, मास्तरांनी शाळेतून मागून आणलेली. तीन फूट वाट. दोन बादल्यांचा माणूस, किंवा एक ढकलगाडी. दोघं समोरासमोर आले तर एकाने थांबायचं. "थांबलं की बोलणं होतं," बाई म्हणाल्या. वाट पाइपवरून सरळ गेली. झाडापाशी आली तशी बाईंनी डबा कलता केला आणि त्या मुळांना वळसा घालून पलीकडे गेल्या, आणि पुन्हा पाइपवर आल्या.

"वाकडी झाली, बाई," मास्तर म्हणाले.

"वाकडीच आहे."

"दोरी लावू का?"

"दोरी लावली तर सरळ होईल, मास्तर."

संध्याकाळपर्यंत कोपरा पांढऱ्या रेघांनी भरला. काही पुसल्या पायाने, पुन्हा काढल्या. मांडव शाळेच्या भिंतीला राहिला, त्याची सावली वाफ्यांवर येणार नाही असा. वन्संच्या मापाचा एक उंच वाफा, खुर्चीवर बसून काम करता येईल असा. तोटीजवळ फरशीचा तुकडा, नाहीतर चिखल. झाडाखाली काहीच लावायचं नाही, तिथे बाक. पुदिना वेगळ्या डब्यात, कारण तो हातपाय पसरतो. वन्सं म्हणाल्या, "तुमच्या धाकट्या जावेसारखा." बाईंनी इकडेतिकडे बघून घेतलं आणि मगच हसल्या.

त्या दिवशी बाईंच्या चपलांचा, साडीच्या काठाचा, भुवयांचा, सगळ्यांचा रंग एकच झाला होता. वन्सं म्हणाल्या, "कचेरी आली परत." बाई दारातच थांबल्या. हे वाक्य आता दुसऱ्या कुणाच्या तोंडी नव्हतं. मग त्या पाय धुवायला गेल्या.

सोमवारी दहाला मॅडम आली. तिने आधी तोटी फिरवली. पाणी आलं. तिने ती बंद करून पुन्हा फिरवली. मग म्हणाली, "नकाशा?"

"तुम्ही त्यावर उभ्या आहात," बाई म्हणाल्या.

मॅडमने खाली बघितलं आणि घाईने पाय उचलला. फक्की बुटाला लागली होती. ती वाटेवरून चालत गेली, झाडाला वळसा घालून परत आली. उंच वाफ्याच्या रेघेपाशी थांबून विचारलं, हा असा का? वन्संनी गुडघे दाखवले.

"मला फाइलला कागद लागेल."

"दुपारी देते. जमिनीवरून मापं घेऊन उतरवायला हवं."

"आणि काढलाय कुणी? कागदावर लिहावं लागतं."

मास्तर तोंड उघडणार तेवढ्यात वन्संनी त्यांच्या बाहीला धरलं.

"मी काढलाय," बाई म्हणाल्या.

मॅडमने वर्षभराची परवानगी लिहून दिली. मंगळवारी फरशी पडली नाही. मातीच्या गोण्या आल्या, विटा आल्या. कुणाचा वाफा तोटीजवळ यावरून दोन घरांत आठवडाभर अबोला झाला, मग टोमॅटो लागल्यावर तो मिटला.

त्या कोपऱ्यात बाई पुढे चार वर्षं रोज येऊन बसल्या. आता त्या नाहीत. वन्सं येतात, उंच वाफ्याशी बसतात, आणि कुणी काही विचारलं तर पहिल्या वर्षाचीच गोष्ट सांगतात. मिरच्या नुकत्याच लाल व्हायला लागल्या होत्या. गल्लीत नवीन राहायला आलेली एक तरुण मुलगी बाबागाडी ढकलत वाटेवरून आली आणि झाडाच्या वळणावर तिचं चाक विटेत अडकलं. तिने इकडून ओढलं, तिकडून ओढलं. मग वैतागून मोठ्याने म्हणाली,

"ही वाट काढली तरी कुणी?"

पाना मिरचीला पाणी घालत होता. त्याने नळी खाली ठेवली. मास्तर चष्मा पुसायला लागले. बेकरीवाला एकदम खाली वाकून नसलेलं गवत उपटू लागला.

एकतीस वर्षांत बाईंच्या रेघेवर तक्रार आली नव्हती. पुलावर आली, जिन्यावर आली, तळ्यावर आली. ती प्रत्येक वेळी दुसऱ्या मजल्यावर जायची, काढणाऱ्याकडे. हॉलमध्ये नुसतं समजायचं की वर कुणालातरी बोलणी बसली. बायका माना खाली घालून गिरवत राहायच्या.

बाई बाकावरून उठल्या. वन्सं सांगतात, त्यांचा चेहरा असा झाला होता की त्या पोरीला वाटावं, आपण काही चांगलं बोललो.

"मी काढली," बाई म्हणाल्या. "कुठे अडकतंय? दाखव बरं."

आणि त्या अनवाणीच तिच्याकडे निघाल्या.